कच्चा टाका

सगळे त्यांना सुईमास्तर म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, शिंपी असतील. शिवणकाम त्यांच्या घरात होतं, पण ते बायको करायची. मास्तरांना साधं बटण लावता येत नव्हतं. "आमच्या घरात सुया दोन," ती शेजारणींना सांगायची, "एक चूल पेटवते आणि दुसरी कुणाला दिसत नाही."

दिसत नाही हे खरंच होतं. मास्तर विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत टंगस्टनच्या सुया करायचे. बारीक तार कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उभी सोडायची आणि तिच्यातून वीज जाऊ द्यायची. पाण्याच्या पातळीपाशी तार झिजत जाते, तिची कंबर बारीक होत जाते आणि शेवटी खालचा तुकडा आपल्याच वजनाने तुटून पडतो. तो पडला त्या क्षणी वीज बंद करायची. डोळ्याचं पातं लवेपर्यंत उशीर झाला तरी टोक बोथट. मास्तर भिंगाला डोळा लावून, श्वास रोखून बसत आणि उजव्या पायाने बटण दाबत. दहातल्या तीन सुया कामाच्या निघत. त्या तिघींतल्या एखादीच्या टोकाला अगदी शेवटी एकच अणू असे.

हे काम त्यांच्या हाडात होतं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. शाळा सुटली की मास्तर त्यांच्या शेजारी बसायचे आणि चिमट्याने केसासारखी स्प्रिंग उचलायला शिकायचे. कॉलेजात दोनदा गटांगळ्या खाल्ल्यावर त्यांनी पुस्तकं बांधून ठेवली आणि विभागात मदतनीस म्हणून लागले. तिथे पहिल्याच महिन्यात बाईंनी त्यांना पाहिलं. मास्तर तुटलेल्या मापकाचा काटा सरळ करत होते. बाई मागे उभ्या राहून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही खाली माझ्याकडे या."

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. उंच, सडसडीत, जेवणाचा डबा उभ्याने खाणाऱ्या. लग्न केलं नव्हतं. धाकट्या बहिणीकडे वर्षातून दोनदा जात आणि तिथूनही फोन करून यंत्राचं तापमान विचारत. त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न एकच होता. तो मास्तरांनी बायकोला एकदा समजावून सांगितला होता, घरातला पंखा बंद पडला तेव्हा.

"हा कंडेन्सर," पंख्यातली पांढरी डबी हातात घेऊन ते म्हणाले. "आत दोन पत्रे असतात, समोरासमोर. एकमेकांना शिवत नाहीत. मधे फट. त्या फटीच्या दोन्ही बाजूंना वीज साठून राहते. फट जितकी कमी, तितकी जास्त वीज मावते."

"बरं."

"आता समज, एक पत्रा म्हणजे माझ्या सुईचं टोक. एक अणू. आणि फट इतकी कमी केली की मधे दोन-तीन अणूसुद्धा मावायचे नाहीत. तर किती वीज मावेल?"

"जास्त."

"सगळे तेच म्हणतात. सूत्रही तेच सांगतं. बाई म्हणतात, शेवटच्या टप्प्यात वाढणार नाही, उलट घटेल. कारण इतक्या जवळ गेल्यावर वीज आपल्या बाजूला थांबतच नाही, पलीकडे झिरपून जाते."

"मग मोजा की."

मोजणं हेच तर दुखणं होतं. पंख्याच्या त्या डबीचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातल्या एखाद्या तुकड्याइतकी ती मावण्याची ताकद. खोलीत माणूस उभा असला तरी आकडा बदलायचा, कारण माणसाच्या अंगाची आणि तारेची मिळूनही एक धारिता, म्हणजे वीज मावण्याची ताकद, होते, आणि ती सुईच्या हजारपट असते. म्हणून मोजताना सगळे शेजारच्या खोलीत जाऊन बसत. लिफ्टच्या धक्क्याने सुई हलते म्हणून मोठी मोजणी रविवारी सकाळी, इमारत रिकामी असताना करत. अशी अकरा वर्षं गेली. विद्यार्थी आले, पदवी घेऊन गेले. आकडे कधी वाढायचे, कधी नुसतेच थरथरायचे. घटले कधीच नाहीत.

शेवटच्या वर्षांत बाईंकडे एक विद्यार्थिनी होती. बारीक अंगाची, कमी बोलणारी. कुठलाही निकाल आला की तिचं एकच वाक्य असायचं, "पुन्हा करून बघू." म्हणून मास्तरांनी तिचं नाव पुन्हाबाई ठेवलं. तिला ते आवडायचं. मास्तरांच्या टेबलाशी बसून ती त्यांच्याकडून सुई धरायला शिकली होती.

याच सुमाराला मास्तरांना जवळचं दिसेनासं झालं. आधी वर्तमानपत्र हात लांब करून वाचायला लागले, मग बायकोने सुईत दोरा ओवून मागितला तर "तूच ओव" म्हणायला लागले. ती म्हणाली, "अहो, चष्मा लावा. पन्नाशीला आलात, त्यात लाज कसली?" पण मास्तरांना लाज वाटत होती, आणि भीतीही. विभागात त्यांची सगळी पत त्यांच्या डोळ्यांवर होती. भिंगातून सुई दिसायची, तेवढ्यावर त्यांनी काम धकवलं. भिंगाबाहेरची कामं ते अंदाजाने, बोटांनी करू लागले.

एका शनिवारी मोजणीच्या तारेची जाळी सुटली. ही तार एका छोट्या पितळी पेटीतून जायची. सुईला पुढे ढकलणारी वीज त्याच पेटीतून दुसऱ्या तारेने जायची, आणि दोन्ही तारांमधे आडोसा म्हणून ती जाळी होती. जाळी पेटीला पक्की जोडलेली हवी. मास्तरांनी सोल्डरिंग आयर्न गरम केलं, टाका दिला, बोटाने ओढून पाहिलं. घट्ट वाटलं. त्यांनी झाकण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आलेख खाली वळला.

थंडी कडक होती. बाई, मास्तर, पुन्हाबाई आणि आणखी एक विद्यार्थी असे चौघे शेजारच्या खोलीत कोट घालून बसले होते. सुई पुढे जात होती, रेघ वर चढत होती, आणि अगदी शेवटी, जिथे बाई अकरा वर्षं बोट ठेवून सांगायच्या तिथे, रेघ थांबली आणि खाली उतरली. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"पुन्हा करून बघू," पुन्हाबाई म्हणाली.

पुन्हा केलं. पुन्हा उतरली. दुपारपर्यंत सहा वेळा. बाई मास्तरांकडे वळल्या आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. इतक्या वर्षांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "ही सुई तुमची आहे, मास्तर," त्या म्हणाल्या.

मग जे व्हायचं ते झालं. लेख छापून आला, पाहुणे आले, बाईंना परदेशी बोलावणी आली. विभागप्रमुख, जे आधी तळघराचं वीजबिल का भरायचं असं विचारायचे, ते जिना उतरून हसतमुखाने फोटो काढून घ्यायला आले. मास्तरांचाही एक फोटो निघाला, भिंगापाशी. बायकोने तो शिलाई मशीनच्या वर चिकटवला.

वर्ष झालं आणि कुरबुर सुरू झाली. दोन ठिकाणच्या लोकांनी तोच प्रयोग केला, त्यांची रेघ उतरली नाही. बाई म्हणाल्या, त्यांच्या सुया बोथट असतील. पण इथेही रेघ रोज उतरत नव्हती. थंड सकाळी उतरायची, उन्हाळ्यात नाही. बाईंनी त्यालाही कारण शोधलं. त्यांनी विश्वास ठेवायचा ठरवला होता.

पुढची थंडी सुरू होताना मास्तरांनी अखेर चष्मा केला. बायकोने हट्टाने दुकानात नेलं. पहिल्या दिवशी ते लहान मुलासारखे सगळं वाचत सुटले, औषधाच्या बाटलीवरचं, बसच्या तिकिटावरचं. दुसऱ्या दिवशी तारा साफ करायला त्यांनी पितळी पेटीचं झाकण काढलं.

चांगला टाका चकचकीत असतो, पाण्यासारखा पसरलेला. हा मळकट, राखाडी, गोळा होऊन बसलेला होता. भोवती केसासारखी चीर. सोल्डरने जाळीला धरलं होतं, पेटीला नव्हतंच. नुसतं टेकलं होतं. कच्चा टाका. थंडीत पितळ आकसलं की तो सुटणार, आडोसा जाणार, आणि सुईला ढकलणारी वीज मोजणीच्या तारेत उतरणार. सुई जितकी पुढे, तितकी ती वीज जास्त. शेवटच्या टप्प्यात सगळ्यात जास्त. रेघ खाली ओढणारी तीच होती.

हे समजायला मास्तरांना पदवी लागली नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी नव्हतं. सोल्डरिंग आयर्न गरम केलं, जुना टाका काढला, नवा दिला. या वेळी नीट, चष्मा लावून. झाकण लावलं आणि हात धुतले.

त्या दिवसानंतर रेघ थंड सकाळीही एकदाही उतरली नाही.

बाईंनी सुया मागितल्या. मास्तरांनी केल्या. दहा, वीस, चाळीस. दर रविवारी बाई सकाळी सातला येत आणि अंधार पडायच्या आधी जात, आणि मास्तर त्यांच्यासमोर एकेक सुई ठेवत, जिच्यात काही दोष नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. घरी त्यांचं जेवण तुटलं. बायकोने विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय. सात आठवडे असे गेले.

आठव्या आठवड्यात बाईंचा तोल गेला. त्या सोमवारी सगळे जमलेले असताना त्या पुन्हाबाईला म्हणाल्या, "यंत्राला शेवटचा हात तुझाच लागतो. तू कुठेतरी गडबड केली आहेस. मला कबूल करून टाक."

"मी काही केलं नाही, बाई."

"मग रेघ का उतरत नाही?"

पुन्हाबाईने हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "कदाचित ती आधीही उतरत नसेल."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "उद्यापासून येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "तुझ्या प्रबंधाचं काय करायचं ते मी बघते."

मुलीने पिशवी उचलली, टेबलावरची आपली पेन्सिल घेतली आणि निघाली. जिन्यात तिचा पाय अडखळल्याचा आवाज आला. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. बाकीचे एकेक करून गेले. बाई खुर्चीत बसून राहिल्या.

"बाई," मास्तर म्हणाले, "तिची चूक नाही. माझी आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. टाका, डोळे, चष्मा, झाकण. सांगताना त्यांना स्वतःचा आवाज दुसऱ्याचा वाटत होता. बाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी त्या उठल्या.

"तो टाका पुन्हा तसाच करा," त्या म्हणाल्या.

"बाई?"

"होता तसा. करा."

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कारण तो लावून त्यांना वाईट टाका देता येईना. मग बाईंनी पितळी पेटीवर बर्फाची पिशवी ठेवली आणि दोघे शेजारच्या खोलीत गेले. सुई पुढे गेली, रेघ चढली, आणि शेवटी उतरली. पहिल्या रविवारी उतरली होती तशीच, हुबेहूब.

बाई बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या.

"किती दिवस माहीत होतं तुम्हाला?"

"सात आठवडे."

"सात आठवडे," त्या म्हणाल्या. "त्या मुलीला मी हाकललं तोवर."

बाईंनी यंत्र बंद केलं. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "चूक मी समजू शकते, मास्तर. टाका कुणाचाही कच्चा निघतो. तुम्ही माझ्यासमोर चाळीस सुया ठेवल्यात."

आठवड्याभरात त्यांनी लेख मागे घेतला. पत्रात लिहिलं, उपकरणातल्या दोषामुळे निष्कर्ष टिकत नाही, जबाबदारी माझी. मास्तरांचं नाव कुठेच नव्हतं. पुन्हाबाईच्या घरी त्या स्वतः गेल्या. तिथे काय बोलणं झालं हे कुणाला कळलं नाही, पण मुलगी परत आली नाही. तिने दुसऱ्या शहरात, दुसऱ्या विषयात नव्याने सुरुवात केली. बाईंनी मास्तरांशी त्यानंतर कामापुरतंच बोलणं ठेवलं. "तार द्या." "झाकण लावा." "जाताना दिवा घालवा."

वर्षाच्या आत प्रयोगशाळा बंद झाली. हसतमुख विभागप्रमुख या वेळी जिना उतरले नाहीत, त्यांनी चिठ्ठी पाठवली. यंत्राचे भाग सुटे करून निरनिराळ्या खोल्यांत गेले. सुई जिच्यात बसवत ती मुख्य टाकी भंगारात काढली. मास्तरांना भांडार विभागात बसवलं, काचेच्या नळ्या मोजायला. बाईंनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या.

मास्तर एकदा त्यांना भेटायला गेले. सकाळची वेळ होती. बहिणीने दार अर्धं उघडलं, कोण ते विचारलं, आत जाऊन आली. "ती झोपलीये," म्हणाली. मास्तरांनी बरं म्हटलं. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी वळून पाहिलं, तर खिडकीत बाई उभ्या होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी हात हलवला नाही आणि खिडकीपासून बाजूलाही झाल्या नाहीत. शेवटी मास्तरच निघाले. चौथ्या वर्षी बाई गेल्या. मास्तरांना ते सूचना फलकावरून कळलं, तोवर बारा दिवस उलटले होते.

मास्तर निवृत्त झाले. पाण्याच्या पंपांच्या मोटारी भरून देणाऱ्या एका दुकानात ते दिवसाचे चार तास तांब्याची तार गुंडाळायला जाऊ लागले. मालक त्यांच्यावर खूश होता. त्यांनी दिलेला प्रत्येक टाका ते तीनदा तपासत, आणि गिऱ्हाईक ताटकळत बसे.

लेख मागे घेतल्याला नऊ वर्षं झाली असतील. एका दुपारी फोन वाजला. बायकोने उचलला आणि मास्तरांपुढे धरला. "कुणी बाई आहे. नाव सांगत नाही. पुन्हाबाई म्हणते."

मास्तर उभे राहिले.

"मास्तर," पलीकडून आवाज आला, "मी पुन्हा त्याच कामाकडे आले. तीन वर्षं झाली. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही."

"हं."

"रेघ उतरते."

मास्तरांनी काही विचार न करता विचारलं, "टाके बघितलेस?"

"सगळे. पेटीच ठेवली नाही, दोन्ही तारा वेगळ्या भिंतींतून नेल्या. अकरा सुयांवर केलं. थंडीत केलं, उन्हाळ्यात केलं. दुसऱ्या एका गटाकडून करून घेतलं. उतरते. आपली दिसली होती तेवढी नाही, तिच्या विसाव्या हिश्श्याने. आपल्या यंत्राला ती दिसलीच नसती. पण उतरते, मास्तर. बाई म्हणायच्या तिथेच."

मास्तर खाली बसले. फोन त्यांच्या कानाशी तसाच होता. बायकोने मशीन थांबवलं.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मला लेखात जुनी गोष्ट लिहायची आहे. ते आधी का फसलं ते कुणालाच माहीत नाही. लोक अजून म्हणतात, बाईंनी आकडे रचले. मला तसं राहू द्यायचं नाही. पण मग टाक्याचं लिहावं लागेल, बाईंनी घरी येऊन सांगितलं होतं ते. तुम्ही नको म्हणालात तर नुसतं उपकरणातला दोष असं लिहीन, बाईंनी लिहिलं होतं तसं."

"टाक्याचं लिही," मास्तर म्हणाले. "आणि सात आठवड्यांचंही लिही."

"ते लेखात बसणार नाही, मास्तर. तिथे फक्त यंत्राचं लिहितात."

"मग जे बसेल ते लिही."

फोन ठेवल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग तिने विचारलं, "म्हणजे त्या बरोबर होत्या?"

"हो."

"आणि तुम्ही टाका पहिल्यापासून पक्का दिला असता तर?"

"तर काहीच दिसलं नसतं. अजून चार वर्षं धडपडल्या असत्या आणि निवृत्त झाल्या असत्या."

"नाव तरी राहिलं असतं."

"हो," मास्तर म्हणाले. "नाव राहिलं असतं."

पुढच्या रविवारी ते बाईंच्या बहिणीकडे गेले. या वेळी तिने दार पूर्ण उघडलं. ती आता पुष्कळ म्हातारी झाली होती, आणि कानांनी कमी ऐकायची. मास्तरांनी मोठ्याने, दोनदा सांगितलं की बाईंचं म्हणणं खरं निघालं. तिने मान डोलावली. बाईंच्या वह्या तिने मागेच रद्दीत दिल्या होत्या, तेही तिने सांगितलं, सहज, दुखवायचं म्हणून नव्हे. मग तिने चहा केला आणि मास्तरांनी तो प्यायला.

"ती शेवटी फारसं बोलायची नाही," ती म्हणाली. "तुम्ही तिच्या ऑफिसातले का?"

"मी सुया करायचो," मास्तर म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि रिकामी कपबशी उचलून आत घेऊन गेली.